गाण्यातून गायक बाहेर काढणारं बटण: डीजे सॉफ्टवेअरच्या अपडेटनंतर पडलेले प्रश्न

डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये दरवर्षी काही ना काही नवं येतं आणि बहुतेकांना त्याचं सोयरसुतक नसतं. रंग बदलले, दोन बटणं इकडची तिकडे गेली, चार दिवस कुरकुर झाली, मग हात बसतो. एका अपडेटबद्दल मात्र अजूनही कुणी ना कुणी विचारत असतं. चालू गाण्यातून गायकाचा आवाज गायब करणारं, किंवा फक्त गायक ठेवून बाकी सगळं बंद करणारं बटण ज्या अपडेटने आणलं, ते.

२०२० मध्ये व्हर्च्युअल डीजे आणि अल्गोरिडिम या जर्मन कंपनीचं डीजे प्रो यांनी ही सोय आधी आणली. न्यूझीलंडच्या सेराटोने डिसेंबर २०२२ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत ती दिली. मग रेकॉर्डबॉक्समध्ये ती आली, २०२४ मध्ये ट्रॅक्टर या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीतही आली. आता हे बटण नसलेलं सॉफ्टवेअर शोधावं लागतं. या बटणाने गाण्याचे जे थर वेगळे होतात, म्हणजे गायन, ड्रम, बेस आणि उरलेलं सगळं, त्यातल्या एकेका थराला स्टेम म्हणतात. इतका एक शब्द लक्षात ठेवला तरी पुढचं सगळं कळेल.

अपडेट टाकल्यावर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या आहेत. गायकाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. ढोल अर्धा गायब होतो. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो. आणि सगळ्यांची आवडती: मागच्या आवृत्तीत हेच गाणं छान वेगळं व्हायचं, नव्यात बिघडलं. वरवर पाहता या चार वेगळ्या गोष्टी आहेत, पण मूळ एकच. हे बटण गाण्यातून गायक काढत नाही. गायक कसा गायला असेल याचा अंदाज बांधून तो आपल्याला ऐकवतं.

फाइलमध्ये गायक वेगळा नसतोच

स्टुडिओत गाणं होतं तेव्हा गायक वेगळ्या ट्रॅकवर, ढोलकी वेगळ्या, कीबोर्ड वेगळा, कोरस वेगळा, असं सगळं सुटं असतं. मिक्सिंग झालं की हे सगळं दोन चॅनलमध्ये ओतलं जातं, डावा आणि उजवा. आपल्याकडे येते ती एवढीच फाइल.

सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये दर सेकंदाला, प्रत्येक चॅनलमध्ये, ४४,१०० आकडे असतात. प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणी स्पीकरचा पडदा किती पुढे किंवा मागे असावा, इतकंच. समजा एका क्षणाचा आकडा १२ आहे. त्यात गायकाचे ७ आणि वाद्यांचे ५ असतील, किंवा गायकाचे २० आणि वाद्यांचे उणे ८. फाइलला ते माहीत नाही, कारण बेरीज झाली आणि आतले आकडे पुसले गेले.

मिसळीतून मटकी निवडून बाजूला ठेवता येते, फरसाणही ठेवता येतं. पण वाटणात गेलेलं आलं आणि लसूण परत काढता येत नाही. ज्याने आयुष्यभर मिसळी खाल्ल्या आहेत तो फार तर चव घेऊन सांगेल की आलं इतकं असावं, आणि तेवढं आलं नव्याने वाटून समोर ठेवेल. सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. समोर येतं ते नवं वाटलेलं आलं, आणि ते कितपत जमेल हे त्याने आधी कुठल्या गावच्या मिसळी खाल्ल्या यावर ठरतं.

मग पूर्वी कराओके कसे बनायचे?

हा आक्षेप रास्त आहे. गायक घालवायची युक्ती जुनीच आहे, पण ती निव्वळ वजाबाकी होती. स्टिरिओ गाण्यात गायक बहुधा मधोमध ठेवतात, म्हणजे डाव्या आणि उजव्या चॅनलमध्ये अगदी सारखा. डाव्यातून उजवा वजा केला की जे दोन्हीकडे सारखं आहे ते शून्य होतं आणि गायक जातो.

अडचण अशी की बेस आणि ड्रमचा खालचा दणकाही बहुतेक वेळा मधोमधच असतो. त्यामुळे गायकाबरोबर गाण्याची ताकदही जायची आणि मागे पातळ, पोकळ संगीत उरायचं. गायकाच्या आवाजाला लावलेला घुमारा दोन्ही बाजूंना पसरलेला असल्यामुळे तो मात्र राहायचा. गायक गेला तरी त्याचं भूत मागे गुणगुणतंय असे कराओके कितीतरी कार्यक्रमांत वाजले आहेत. आणि जुनं मोनो ध्वनिमुद्रण असेल तर विषयच संपला. दोन्ही चॅनल तंतोतंत सारखे, वजाबाकी केली की सगळंच शून्य. नवं बटण मोनो गाण्यावरही चालतं, कारण ते जागेपेक्षा आवाजाचा स्वभाव ओळखायला शिकलेलं आहे.

स्वभाव ओळखतं म्हणजे काय करतं?

आधी ते गाण्याचं चित्र काढतं. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर खालच्या-वरच्या सुरांच्या पट्ट्या, आणि जिथे जितका जोर तितका रंग गडद. या चित्रात माणसाचा आवाज थरथरत्या, एकावर एक रचलेल्या आडव्या रेषांसारखा दिसतो. ड्रमचा ठोका उभ्या रेघेसारखा, बेस तळाशी जाड पट्ट्यासारखा.

मग चित्राच्या प्रत्येक बारीक चौकोनाला प्रश्न: यातला किती भाग गायनाचा? उत्तर शून्य ते एकच्या मध्ये कुठेतरी. समजा ०.८. म्हणजे त्या चौकोनातला ८० टक्के जोर गायनाच्या थराला आणि उरलेला बाकीच्यांना. असे लाखो चौकोन वाटले की चित्रावरून पुन्हा आवाज तयार करायचा. सगळी मॉडेलं, म्हणजे हा अंदाज बांधायला शिकवलेले प्रोग्रॅम, अगदी याच वाटेने जात नाहीत, काही थेट ध्वनीच्या आकड्यांवरही काम करतात, पण गाभा हाच.

हे ०.८ कुठून येतं? सरावातून. ज्या गाण्यांचे सुटे ट्रॅक उपलब्ध आहेत अशी गाणी मॉडेलला द्यायची, मिक्स ऐकवायचं, उत्तर मागायचं, खऱ्या ट्रॅकशी ताडून चूक दाखवायची. हे असंख्य वेळा. नोव्हेंबर २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच संगीत कंपनीने स्प्लीटर नावाचं असं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. फेसबुकच्या संशोधकांचं डीमक्सही त्याच सुमारास आलं. ही तयार मॉडेलं कुणीही उचलून वापरावीत अशी होती, आणि पुढच्या दोन-चार वर्षांत घरच्या लॅपटॉपवरही गाणी सुटी व्हायला लागली.

आता कळीची गोष्ट. या क्षेत्रात सगळ्यांची परीक्षा घेणारा एक प्रसिद्ध संच आहे, एमयूएसडीबी-१८. त्यात १५० गाणी, एकूण साधारण दहा तास. बहुतेक पाश्चात्त्य पॉप आणि रॉक. थर चारच: गायन, ड्रम, बेस आणि 'इतर'. गिटार, पियानो, व्हायोलिन, सगळं 'इतर'मध्ये. जगातलं संगीत चार डब्यांत बसतं हे कुणी तत्त्वज्ञान म्हणून मांडलेलं नाही. परीक्षेची ती सोय होती, आणि तीच सोय आपल्या कंट्रोलरवरची, म्हणजे लॅपटॉपला जोडायच्या डीजेच्या यंत्रावरची, चार बटणं बनून बसली.

आवाज पाण्याखालून आल्यासारखा का?

एकाच चौकोनात गायकाचा 'स' आणि झांजेची सळसळ दोन्ही आली तर मॉडेल त्या चौकोनाची वाटणी करतं, पण वाटणी क्षणाक्षणाला बदलते. या क्षणी ०.७, पुढच्या क्षणी ०.४. आवाजाचा वरचा भाग असा उघडझाप करत राहिला की कानाला तो गढूळ, डुचमळता वाटतो. तोच तो पाण्याखालचा भास.

सुरुवातीच्या मॉडेलांमध्ये आणखी एक कारण होतं. स्प्लीटर नेहमीच्या सेटिंगमध्ये ११ किलोहर्ट्झपर्यंतच थर वेगळे करायचं. त्यावर असते ती आवाजातली चमक, श्वास, धातूची किणकिण. ती गेल्यावर गायकाच्या तोंडावर उशी ठेवल्यासारखं ऐकू येणारच. नंतरची मॉडेलं यात बरीच पुढे गेली आहेत.

किती पुढे, त्याचंही माप आहे. खरा आवाज आणि अंदाजातली चूक यांचं गुणोत्तर डेसिबलमध्ये मोजतात. स्प्लीटर त्या परीक्षेत सरासरी साधारण ६ च्या आसपास होतं, २०२२ च्या डीमक्सने ९ गाठलं. साध्या हिशोबात सांगायचं तर ६ म्हणजे खऱ्या आवाजाच्या ऊर्जेच्या पाव इतकी चूक, आणि ९ म्हणजे आठव्या हिश्शाइतकी. चूक निम्म्यावर आली, ही मोठीच मजल. पण आठवा हिस्साही लग्नाच्या हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर लपत नाही. घरी लॅपटॉपच्या स्पीकरवर 'एकदम क्लीन' वाटलेला गायक साउंड सिस्टिमवर उघडा पडतो तो यामुळे. मिक्समध्ये या चुका बाकीच्या वाद्यांखाली झाकल्या जातात, म्हणून गायक एकटा वाजवण्यापेक्षा दुसऱ्या गाण्याच्या ठेक्यावर वाजवला की बरा लागतो.

आपलीच गाणी जास्त का फाटतात?

हा प्रश्न महाराष्ट्रातले डीजे सर्वांत जास्त चिडून विचारतात, आणि चिडण्यात तथ्य आहे.

ढोलापासून सुरू करू. पाश्चात्त्य ड्रमचा किक म्हणजे आखूड ठोका: आला, गेला. आपल्या ढोलाला एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप. टिपऱ्याचा आवाज कडक आणि आखूड, मॉडेल तो मुकाट ड्रममध्ये टाकतं. थापेचा खालचा घुमणारा आवाज मात्र लांब रेंगाळतो, त्याला सूर असल्यासारखं वाटतं, आणि मॉडेलच्या सरावात तळाशी रेंगाळणारी सुरेल गोष्ट म्हणजे बेस. मग एकाच ढोलाचे दोन तुकडे होतात. बेसचं बटण बंद केलं की ढोलाचं पोट जातं आणि नुसती टिपरी वाजत राहते. असे पन्नास ढोल एकत्र वाजत असतील तर बोलायलाच नको. ताशाची तडतड वरच्या पट्टीत, जिथे गायकाची व्यंजनं असतात, त्यामुळे गायन एकटं ठेवलं तरी मागे ताशाचे कण उडत राहतात.

सनईचं दुखणं वेगळं. ती माणसासारखीच सुरावरून सुरावर घसरत जाते, श्वासाने वाजते, आवाज सलग. मॉडेलला ती गायकाची बहीण वाटते. गायक बंद केला की सनईचा निम्मा भाग त्याच्याबरोबर जातो.

आणि सर्वांत अवघड प्रकरण हार्मोनियमचं. पाश्चात्त्य गाण्यात गायक चाल गातो आणि गिटार किंवा पियानो खाली वेगळे सूर धरतो, त्यामुळे चित्रात दोघांच्या रेषा बऱ्यापैकी वेगळ्या पडतात. आपल्याकडे भजनात किंवा नाट्यगीतात पेटीवाला साथ करतो म्हणजे काय करतो? गायक जे गातो तेच, त्याच सुरावर, एक पाऊल मागून. गायकाच्या रेषा आणि पेटीच्या रेषा एकाच चौकोनांत येऊन बसतात. साथ जितकी उत्तम, तितकं वेगळं करणं अशक्य. चांगल्या पेटीवाल्याने मॉडेलला हरवावं, हे मला तरी मनापासून आवडतं.

या उलट हळदीची नवी गाणी बघा. कॉम्प्युटरवर बांधलेला ठेका, स्वच्छ, तयार ध्वनी-तुकडे, ऑटोट्यूनने सरळ केलेला गायक, भोवती भरपूर मोकळी जागा. ती सुरेख वेगळी होतात. तेव्हा 'हे सॉफ्टवेअर मराठी गाण्यांना चालत नाही' हे पूर्ण खरं नाही. गाणं कुठल्या भाषेतलं आहे यापेक्षा ते कसं वाजवलं आणि कसं ध्वनिमुद्रित केलं आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

लॅपटॉप का तापतो, आणि आवाज का तुटतो?

साधं गाणं वाजवताना लॅपटॉपला फारसं काही करावं लागत नाही. साउंड कार्ड ठरावीक अंतराने 'पुढचा तुकडा द्या' म्हणतं आणि सॉफ्टवेअर देतं. सेटिंगमध्ये ५१२ सॅम्पलचा बफर, म्हणजे एका तुकड्यात वर सांगितलेले ५१२ आकडे, असेल तर ही मागणी साधारण दर ११.६ मिलिसेकंदांनी येते. एक तुकडा उशिरा पोचला की टिक्क आवाज येतो किंवा गाणं क्षणभर अडखळतं.

स्टेमचं गणित या मागणीच्या वेगाने करणं जड असतं. पण गाणं आधीच डिस्कवर आहे, माइकवरून येत नाहीये, त्यामुळे सॉफ्टवेअर पुढचा भाग आगाऊ वाचून गणित करून ठेवतं. गाणं लोड केल्यावर पहिले काही क्षण बटण काम करत नाही, किंवा लोड झाल्या झाल्या तिसऱ्या क्यूवर, म्हणजे गाण्यात आधी खूण केलेल्या तिसऱ्या जागी, उडी मारली की साधंच गाणं ऐकू येतं, ते यामुळे. ते गणित अजून तिथवर पोचलेलं नसतं. ग्राफिक्स कार्ड असलेला किंवा अ‍ॅपलच्या एम-वन पासून पुढच्या चिपचा लॅपटॉप हे भराभर उरकतो. जुना लॅपटॉप धापा टाकतो, आणि मे महिन्यात मांडवात पत्र्याखाली ठेवला असेल तर उष्णतेने स्वतःचा वेग आणखी कमी करतो.

यावर उपाय म्हणजे घरीच स्टेम तयार करून फाइल साठवून ठेवणं. बहुतेक सॉफ्टवेअर ही सोय देतात. डिस्कवर जागा मात्र हवी. चार मिनिटांचं गाणं कॉम्प्रेस न करता साधारण ४२ एमबी होतं, म्हणजे चार थरांचे जवळपास १७० एमबी. सॉफ्टवेअर ते दाबून लहान करतं, तरी हजारो गाण्यांचे स्टेम आंधळेपणाने बनवायला घेऊ नका. ज्या गाण्यांवर खरोखर ही करामत करायची आहे ती पंचवीस-तीसच असतात.

'मागच्या आवृत्तीत बरं होतं'

बरं असू शकतं. भ्रम नव्हे. अपडेटमध्ये मॉडेल बदललं की अंदाज बांधणाराच बदलतो. नवा सरासरीने हुशार असतो, पण सरासरी म्हणजे तुमचं गाणं नव्हे. शंभरातली नव्वद गाणी सुधारली आणि तुमचं हुकमी गाणं उरलेल्या दहांत पडलं, असं होऊ शकतं. त्यात आधी साठवलेल्या स्टेमच्या फाइली जुन्याच अंदाजाच्या राहतात, त्यामुळे एकाच रात्री दोन गाणी दोन वेगवेगळ्या दर्जाची वाजतात आणि कुणाला कळत नाही का.

ऐन गणपतीच्या आठवड्यात किंवा लग्नसराईत अपडेट टाकू नये, हे यासाठीच. आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं तर अजिबात नको. ऑक्टोबर २०१९ मध्ये अ‍ॅपलने मॅकची कॅटलिना ही आवृत्ती आणली तेव्हा ३२ बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, सगळे प्रोग्रॅम बंद पडले आणि आयट्यून्स जाऊन त्या जागी म्युझिक अ‍ॅप आलं. आयट्यून्समधली याद्यांची फाइल वाचून चालणाऱ्या डीजे सॉफ्टवेअरना ती फाइलच मिळेना. कंपन्यांनी आपल्याच ग्राहकांना 'थांबा, टाकू नका' असे निरोप पाठवले होते.

थांबायचं तर नीट थांबा. जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर हवा, गाण्यांच्या संग्रहाची प्रत हवी. सेराटोवाल्यांनी म्युझिक फोल्डरमधला आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवरचा, असे दोन्ही '_सेराटो_' फोल्डर उचलावेत. एकच उचलतात आणि नंतर क्रेट, म्हणजे गाण्यांच्या याद्या, रिकामे दिसले की सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

गायक वेगळा करून वाजवणं कायद्यात बसतं का?

दोन गोष्टींची गल्लत होते. कार्यक्रमात गाणं वाजवणं ही एक, आणि त्या गाण्यापासून नवं गाणं बनवून पसरवणं ही दुसरी.

पहिलीबद्दल: भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात संगीत वाजवण्याला सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ येतात असं स्पष्टीकरणही आहे. पण ही सूट कुठवर ताणायची यावर सतत भांडणं होतात. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये लग्नांतल्या संगीतासाठी परवानगीचा आग्रह धरू नये असं परिपत्रक काढलं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते रद्द केलं. कायद्यातली सूट आहे तिथेच आहे, पण परिपत्रक दाखवून काम भागेल अशी सोय उरली नाही. क्लब आणि हॉटेलांना तर परवाना लागतोच.

दुसऱ्या गोष्टीला ही सूट लागूच नाही. गायक उचलून, खाली आपला ठेका घालून, वर आपलं नाव टाकून गाणं नेटवर चढवलं तर मूळ गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी हवी. बटण कंपनीने दिलं म्हणून परवानगीही तिनेच दिली, असा युक्तिवाद कुठे चालणार नाही.

खरे स्टेम मिळतच नाहीत का?

मिळू शकतात. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या बर्लिनच्या कंपनीने २०१५ मध्ये एक फाइल-प्रकार काढला होता, ज्यात एका गाण्याचे चार खरे थर स्टुडिओतूनच एकत्र येतात. त्यात अंदाज नाही, चूक नाही, पाणी नाही. पण लेबलांनी, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपन्यांनी, सुटे ट्रॅक द्यायला हवे होते, आणि फार थोड्यांनी दिले. पाच वर्षांनी अंदाज बांधणारं बटण आलं आणि कुणाला विचारायची गरजच उरली नाही.

मोठ्या कंपनीच्या चित्रपटगीताचे सुटे ट्रॅक तुम्हाला कुणी देणार नाही. पण हळदीची, वरातीची, गणपतीची जी गाणी आज सर्वाधिक वाजतात त्यातली कितीतरी उरण, पनवेल, भिवंडी, कोल्हापूर इथल्या लहान स्टुडिओंत बनतात, आणि ती बनवणारा माणूस डीजेपासून एखाद-दोन फोनवर असतो. त्याच्याकडे गायकाचा ट्रॅक सुटा पडून आहे. रीतसर मागितला, पैशांचं आणि नावाचं बोलून घेतलं, तर अनेक जण देतातही.